चैत्र-वैशाखातील वादळी पाऊस : अंदाज, इशारा आणि गावाची सिद्धता

महाराष्ट्रातील शेतीचे वर्ष मृग नक्षत्रापासून मोजण्याची प्रथा असली, तरी आकाशातील हालचाली त्याच्या पुष्कळ आधी सुरू होतात. फाल्गुन सरता सरता उन्हाचा ताव वाढू लागतो. दुपारपर्यंत निरभ्र असलेल्या आकाशात तिसऱ्या प्रहरी ढगांचे डोंगर उभे राहतात, धुळीचे लोट उठतात आणि पाहता पाहता विजांच्या कडकडाटासह पाऊस कोसळतो. यालाच ग्रामीण महाराष्ट्र वळीव म्हणतो. हा पाऊस तापलेली जमीन निववतो, नांगरटीला ओल देतो आणि जनावरांच्या पाण्याची चणचण काही दिवस दूर करतो. परंतु हाच पाऊस खळ्यावरील धान्य भिजवितो, द्राक्षबागा झोडपतो, घरांवरील पत्रे उडवितो आणि माणसांचे व जनावरांचे बळीही घेतो.

या हानीचे प्रमाण लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्या वर्षी सर्व नैसर्गिक कारणांनी झालेल्या ८,०६० मृत्यूंपैकी हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. पूर वा चक्रीवादळ यांची वार्ता सर्वत्र पसरते. वीज मात्र एका शेतात एक, दुसऱ्या शेतात दोन असे बळी घेते आणि म्हणून तिच्याकडे आपत्ती या दृष्टीने पाहिले जात नाही. वस्तुतः यातील बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. त्यासाठी हवामानाचा अंदाज म्हणजे काय, तो किती आधी व किती नेमका मिळू शकतो आणि तो मिळाल्यावर गावाने काय करावयाचे, याची स्पष्ट कल्पना असणे आवश्यक आहे.

वादळी ढग कसा तयार होतो

नुसत्या उष्णतेने वादळी पाऊस पडत नाही. तसे असते, तर मे महिन्यातील प्रत्येक तप्त दुपारी गडगडाट झाला असता. या पावसासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : जमिनीलगत पुरेशी बाष्पयुक्त हवा, वरच्या थरांत तुलनेने थंड हवा आणि खालच्या हवेला वर ढकलणारे एखादे निमित्त.

उन्हाने तापलेली दमट हवा वर जाऊ लागली, की ती प्रसरण पावून थंड होते. तिच्यातील बाष्पाचे जलकणांत रूपांतर होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेच्या बळावर हवा आणखी वेगाने वर चढते. अशा रीतीने ढगाची उंची १२ ते १५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. अतिउंचावर पोहोचलेला ढगाचा माथा पुढे चढू न शकल्यामुळे आडवा पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा दिसू लागतो. असा माथा दिसणे, ही वादळ पूर्ण भरात आल्याची खूण होय.

पाऊस व गारा पडू लागल्या, की त्यांच्याबरोबर थंड, जड हवा वेगाने खाली येते आणि जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरते. पावसापूर्वी अचानक येणारा गार, सोसाट्याचा वारा तो हाच. ढगाचा एक घटक साधारणपणे अर्धा ते एक तासच टिकतो. मात्र त्याच्या थंड वाऱ्याच्या धक्क्याने शेजारी नवे ढग उभे राहतात आणि वादळ पुढे सरकत जाते. त्यामुळे एका गावात झाडे उन्मळून पडावीत आणि दहा कोसांवरील दुसऱ्या गावात थेंबही पडू नये, असे चित्र दिसते.

राज्यातील चार विभाग, चार तऱ्हा

हवामानशास्त्राच्या दृष्टीने या प्रदेशाचे कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग केले जातात. वळवाच्या बाबतीत या चारही उपविभागांची प्रकृती भिन्न आहे.

विदर्भात वादळी पावसाचा व गारपिटीचा धोका फेब्रुवारी-मार्चपासूनच सुरू होतो. उत्तर भारतावरून पूर्वेकडे जाणाऱ्या पश्चिमी प्रक्षोभांमुळे वरच्या थरांत थंड हवा येते आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून बाष्पयुक्त वारे येऊन मिळतात. या दोहोंची गाठ पडते, तेव्हा मोठ्या गारा पडण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. मराठवाड्यातही याच प्रकारची परिस्थिती अधूनमधून उद्भवते.

मध्य महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे व सोलापूर या जिल्ह्यांत, एप्रिल व मे हे वळवाचे खरे महिने. विदर्भ-मराठवाड्यापासून अंतर्गत कर्नाटकामार्गे दक्षिणेकडे पसरणारा कमी दाबाचा पट्टा या काळात वारंवार तयार होतो. त्याच्या एका बाजूस कोरडे, तर दुसऱ्या बाजूस सागरावरून आलेले दमट वारे असतात. त्यांच्या सीमेवर दुपारनंतर ढग उभे राहतात. कोकण किनारपट्टीवर समुद्राच्या सान्निध्यामुळे तापमानाची तीव्रता कमी असते. तेथे मेघगर्जनेचा जोर मुख्यतः मेअखेरीस, मान्सूनच्या तोंडावर आणि पुढे तो परतताना दिसून येतो.

हे सर्वसाधारण वेळापत्रक झाले. प्रत्येक वर्ष ते पाळतेच असे नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात गारपिटीचे सत्र चालू राहिले. २८ जिल्ह्यांना त्याची झळ पोहोचली आणि गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्षे व डाळिंबे यांची अपरिमित हानी झाली. २०२५ साली मे महिन्यातच पावसाने जोर धरला आणि एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईत येणारा मान्सून २६ मे रोजीच तेथे दाखल झाला. म्हणून केवळ पंचांगावर वा मागील वर्षाच्या अनुभवावर विसंबून राहणे पुरेसे नाही.

गार आणि वीज

ढगातील गोठणबिंदूच्या वर गेलेले जलकण बर्फाच्या बारीक खड्यांवर गोठत जातात आणि गार आकारास येते. वर चढणारा वारा जोपर्यंत तिला तोलून धरतो, तोपर्यंत ती वाढत राहते. लिंबाएवढी गार तोलून धरण्यासाठी वर जाणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी ८० किलोमीटरहून अधिक असावा लागतो, यावरून अशा ढगांच्या सामर्थ्याची कल्पना यावी. उन्हाळ्याच्या प्रारंभी गोठणबिंदूची पातळी तुलनेने खाली असते. त्यामुळे गारा जमिनीवर येईपर्यंत वितळत नाहीत आणि म्हणूनच फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ गारपिटीच्या दृष्टीने अधिक धोक्याचा ठरतो. गारांनी केवळ पिकांचीच हानी होते असे नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबादजवळ झालेल्या गारपिटीत २४६ जण मृत्युमुखी पडले. गारपिटीच्या बळींचा हा जागतिक उच्चांक मानला जातो.

ढगातील बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात, त्या वेळी विद्युत्‌भार वेगळे होतात. सामान्यतः माथ्याकडे धन आणि मध्य व खालच्या भागात ऋण भार साठतो. हे अंतर भेदून भार वाहू लागला, की वीज चमकते. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच चमकून जातात. काही थोड्या जमिनीवर येतात आणि अनर्थ घडवितात. विजेच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोटासारखी प्रसरण पावते. तोच गडगडाट होय.

वीज नेहमी माणसावर थेट पडते असे नाही. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून शेजारच्या माणसाकडे उडी घेते किंवा मुळांभोवतीच्या जमिनीत पसरते. जमिनीत पसरताना प्रत्येक पावलाच्या अंतरावर विद्युत्‌दाब बदलत जातो. जनावरांच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर अधिक असल्याने त्यांच्या शरीरातून मोठा प्रवाह वाहतो. एकाच झाडाखाली बांधलेली अनेक जनावरे एकदम दगावतात, ती यामुळेच. पायाळू माणसावर वीज पडते, या जुन्या समजुतीला कसलाही आधार नाही. वीज माणसाचा जन्म पाहत नाही. मोकळ्या रानात उंच काय उभे आहे, यावर तिचा रोख बव्हंशी अवलंबून असतो.

अंदाजाच्या तीन पायऱ्या

अंदाज चुकला, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिच्या मुळाशी बहुधा एका पायरीच्या अंदाजाकडून दुसऱ्या पायरीचे उत्तर मागण्याची चूक असते.

पहिली पायरी हंगामी अंदाजाची. भारतीय हवामानशास्त्र विभाग फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मे या काळाचा आणि मार्चअखेरीस एप्रिल ते जून या काळाचा दृष्टिक्षेप जाहीर करतो. त्यात तापमान व पाऊस सरासरीहून कमी, सरासरीइतके वा अधिक राहण्याची शक्यता सांगितली जाते. हा अंदाज दिवस वा गाव सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. शिवाय पाऊस सरासरीपेक्षा कमी राहील, याचा अर्थ वादळे होणार नाहीत असा नव्हे. उन्हाळी पावसाची सरासरीच मुळात अल्प असल्याने एकूण पाऊस कमी झाला, तरी त्यातील एखादे वादळ विध्वंसक असू शकते. हंगामी अंदाजाचा उपयोग नियोजनासाठी आहे : शाळेचे छप्पर तपासणे, धोकादायक फांद्या छाटणे, ताडपत्र्यांची व्यवस्था करणे, यासाठी.

दुसरी पायरी काही दिवसांच्या अंदाजाची. दर गुरुवारी पुढील आठवड्यांचा विस्तारित अंदाज आणि दररोज पुढील काही दिवसांचे जिल्हानिहाय इशारे प्रसृत केले जातात. दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचा त्यात सहभाग असतो. या पायरीवर काढणीस आलेला गहू व हरभरा आधी उरकणे, कांदा झाकणे, हळद व बेदाणा यांची वाळवण आवरणे, फवारणी पुढे ढकलणे, बाजार समितीतील उघड्यावरचा माल हलविणे हे निर्णय घेता येतात.

तिसरी पायरी तात्कालिक अंदाजाची. हा केवळ पुढील तीन तासांचा असतो. मुंबई, नागपूर आदी ठिकाणांच्या डॉप्लर रडारवर ढगांची उंची व वाटचाल दिसते, उपग्रहांची चित्रे मिळतात आणि विजांचा ठावठिकाणा सांगणारी संवेदकांची जाळी कार्यरत असते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था ही १९६२ साली स्थापन झालेली संस्था. तिने विकसित केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन २० व ४० किलोमीटरच्या परिघात चमकणाऱ्या विजांची सूचना देते. जीव वाचविणारी पायरी हीच होय. परंतु तिचे आयुष्य तीन तासांचे. तेवढ्या अवधीत सूचना शेतातील माणसापर्यंत पोहोचली नाही, तर रडार कितीही अचूक असले तरी त्याचा उपयोग शून्य.

इशाऱ्याच्या रंगांचा अर्थ

इशारे चार रंगांत दिले जातात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे. नारिंगी म्हणजे सज्ज राहावे. तांबडा म्हणजे कृती करावी. नारिंगी वा तांबडा रंग दिसला म्हणून गावात वादळ होईलच असे नाही. संपूर्ण जिल्ह्यासाठी दिलेला इशारा काही मंडळांतच खरा ठरू शकतो. तथापि दोन वेळा काही घडले नाही, म्हणून तिसऱ्या वेळी दुर्लक्ष करणे हे जिवावर बेतू शकते.

वाऱ्याच्या वेगावरूनही तीव्रता ठरविली जाते. ताशी ४१ ते ६१ किलोमीटरचे झोत असल्यास मध्यम, ६२ ते ८७ असल्यास तीव्र आणि त्याहून अधिक असल्यास अतितीव्र मेघगर्जनेचे वादळ समजले जाते. तीव्र वादळात कच्ची छपरे, जुनी झाडे व फलक उभे राहतीलच, याचा भरवसा नसतो. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ च्या रात्री वादळात एक जुने झाड पत्र्याच्या शेडवर कोसळून आश्रयास थांबलेल्यांपैकी ७ जण दगावले. मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. या दोन्ही घटनांत प्राण घेतले ते विजेने नव्हे, तर वाऱ्याने पाडलेल्या वस्तूंनी. आसरा निवडताना डोक्यावर काय आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

तीन तासांतील गावाची कामे

इशारा मिळाल्यावर कोणी काय करावयाचे, हे आधी ठरलेले नसेल, तर वेळ विचारविनिमयात जातो. यासाठी ग्रामपंचायतीने उन्हाळ्याच्या प्रारंभी, शक्य तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, पुढील व्यवस्था निश्चित करून ग्रामसभेसमोर मांडावी.

पहिली गोष्ट, इशारा स्वीकारण्याची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीवर आणि तिच्या अनुपस्थितीत दुसऱ्या व्यक्तीवर असावी. दुसरी, इशारा पुढे पोहोचविण्याचे साधन ठरलेले असावे. भ्रमणध्वनी शेतात सर्वांजवळ असतोच असे नाही आणि असला तरी संदेश वाचला जातोच असेही नाही. मंदिर, मशीद, बुद्धविहार वा पंचायत कार्यालयावरील ध्वनिक्षेपक, शाळेची घंटा, वाडीवस्तीवर जाणारा दुचाकीस्वार ही साधने जुनी असली तरी खात्रीची आहेत. तिसरी, रानात काम करणारे मजूर, गुराखी, मेंढपाळ, ऊसतोड कामगार व वीटभट्टीवरील कुटुंबे यांची ठिकाणे माहीत असावीत. इशारा सर्वांत उशिरा पोहोचतो तो यांच्यापर्यंत आणि उघड्यावर सर्वाधिक वेळ असतात तेही हेच. चौथी, प्रत्येक शिवारातून जवळचा पक्का निवारा कोणता, हे ठरवून ठेवावे.

वैयक्तिक खबरदारीचे नियम थोडे व सोपे आहेत. गडगडाट ऐकू आला, की आपण विजेच्या टप्प्यात आहोत असे समजावे व पक्क्या घरात जावे. ते जवळ नसल्यास काचा बंद केलेले, धातूच्या टपाचे चारचाकी वाहन चालते. झाडाखाली, विद्युत खांबाजवळ, तारेच्या कुंपणाजवळ वा टेकडीच्या माथ्यावर थांबू नये. तळे, नदी व विहीर यांतून त्वरित बाहेर यावे. पाण्याचा पंप सुरू करण्यास जाऊ नये. पत्र्याचे उघडे छप्पर वा बसथांबा पावसापासून आडोसा देतो, विजेपासून नव्हे. कोणताच निवारा नसल्यास एकमेकांपासून अंतर ठेवून, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. जनावरे झाडाला बांधू नयेत. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर अर्धा तास उलटल्याखेरीज बाहेर पडू नये.

विजेचा आघात झालेल्या व्यक्तीच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्यामुळे तिला स्पर्श करण्यास भिण्याचे कारण नाही. श्वास वा हृदय बंद पडले असल्यास तत्काळ छातीवर दाब देऊन हृदय चालू करण्याचा प्रयत्न करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला शेणात वा मातीत पुरण्यासारख्या उपायांत मोलाची मिनिटे दवडू नयेत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ हा पंचायतीच्या व शाळेच्या दर्शनी भागी लिहिलेला असावा. शाळा, आरोग्य उपकेंद्र व पंचायत या इमारतींवर तडितरक्षक बसविलेला असेल, तर त्याची जमिनीकडे जाणारी जोडणी दरवर्षी तपासून घ्यावी. तुटलेल्या जोडणीचा रक्षक नसल्यापेक्षाही वाईट.

शाळेतील अभ्यास

या विषयाचे शिक्षण देण्यास शाळेइतके योग्य ठिकाण नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर जाण्यास त्याला तीन सेकंद लागतात. वर्गात बसून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत व त्यांस तीनने भागावे. वीज किती किलोमीटरवर पडली, हे विद्यार्थ्यांना स्वतःच काढता येते. मोजलेले अंतर कमी होत गेल्यास वादळ जवळ येत आहे, हेही कळते. दूरची वीज म्हणजे निर्धास्त राहण्याची मुभा नव्हे, हे मात्र शिक्षकांनी आवर्जून सांगावे. विजा पावसाच्या पुढे दहा-दहा किलोमीटरवरही पडतात.

वादळ पूर्ण ओसरल्यावर एखादी मोठी गार कापून पाहिल्यास तिच्यात दुधी व पारदर्शक थर आढळतात. तिच्या ढगातील प्रवासाची ती जणू नोंदच होय. याशिवाय शाळेने एक वही ठेवावी. तारीख, गडगडाटाची वेळ, वाऱ्याची दिशा, गारांचा अंदाजे आकार, झालेले नुकसान आणि त्या दिवशी कोणत्या रंगाचा इशारा होता, हे तीत लिहावे. पाच-सात वर्षांत गावाच्या हाती स्वतःचा दस्तऐवज येईल आणि इशारे कितपत खरे ठरतात, याचा निवाडा ऐकीव गोष्टींवरून करावा लागणार नाही.

आपत्तीनंतर

गारपीट ही राष्ट्रीय स्तरावर मान्य आपत्ती आहे. वीज कोसळणे व अवेळी पाऊस यांचा समावेश राज्य शासनाने आपल्या घोषित आपत्तींत केला आहे. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठी लागू केलेल्या निकषांनुसार मृताच्या वारसांस ४ लाख रुपयांचे साहाय्य आणि ३३ टक्के वा त्याहून अधिक हानी झालेल्या पिकांस मदत देय ठरते. महसूल, कृषी व ग्रामपंचायत यांच्या गाव पातळीवरील कर्मचाऱ्यांनी पंचनामे संयुक्तपणे व विनाविलंब करणे आवश्यक आहे, कारण गारा वितळतात व पडलेले पीक दोन दिवसांत कुजू लागते. मृत जनावरांचा पंचनामा व शवविच्छेदन यांत दिरंगाई झाली, तर गरीब पशुपालकाचा हक्क बुडतो. पीक विम्याच्या त्या त्या हंगामाच्या अटी व सूचना देण्याची मुदत यांची माहिती पंचायतीच्या फलकावर आधीच लावली जावी.

वळवाचा पाऊस थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. ढग कोणत्या शिवारावर फुटेल, हे महिनाभर आधी सांगणे शास्त्राच्याही हाती नाही. जे हाती आहे, ते एवढेच : हंगामी अंदाज येताच तयारी करणे, काही दिवस आधीचा इशारा मिळताच माल व कामे आवरणे आणि शेवटच्या तीन तासांत माणसे व जनावरे सुरक्षित स्थळी आणणे. यांपैकी पहिली दोन कामे कागदावरून व कार्यालयांतून बऱ्याच अंशी साधतात. तिसरे काम मात्र गावातच व्हावे लागते. उपग्रहापासून तालुक्यापर्यंत पोहोचलेली सूचना बांधावरच्या मजुरापर्यंत नेणे, हे अंतर मैलांत अल्प आहे. पण वीज पडून होणारे मृत्यू घडतात ते याच अंतरात. पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांनी ते पार करण्याची व्यवस्था केली, तर चैत्र-वैशाखातील पाऊस हानीपेक्षा ओलाव्यासाठीच स्मरणात राहील.